वान-फूला कोण विचारतंय

"या आठवड्यात या जिल्ह्याच्या लोकशाहीचं भवितव्य या एका तारेवर लोंबकळतंय," असं म्हणून श्याओ वान-फूनं भिंतीवरून खाली आलेल्या टेलिफोनच्या तारेकडे बोट केलं.

तारेवर त्याचेच दोन मोजे वाळत होते.

"ओले आहेत अजून," पाओ-चू म्हणाली. "भवितव्याला म्हणावं, दुपारपर्यंत थांब."

पाओ-चूचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्या तारेचा गेल्या कित्येक वर्षांत दुसरा काही उपयोग झालेला नव्हता. मुलगा तैपेईला, मुलगी सिन्चूला. दोघंही बोलायची ती खिशातल्या फोनवर, तोंड दाखवून. घरातल्या फोनवर पाओ-चूनं विणलेली जाळीची टोपी होती आणि टोपीवर सुकवलेल्या मुळ्याची परडी. फोन काढून टाकू, असं ती दर नव्या वर्षाच्या झाडलोटीला म्हणायची आणि वान-फू दर वर्षी "असू दे" म्हणायचा. का असू दे, हे त्यालाही माहीत नव्हतं. आता मात्र त्यानं ती आपली दूरदृष्टी होती असं ठरवून टाकलं.

झालं होतं असं, की जिल्हाप्रमुखाच्या निवडणुकीसाठी पक्षाला उमेदवार हवा होता आणि इच्छुक होते तिघं. अशा वेळी पक्षाची एक ठरलेली पद्धत आहे. आठवडाभर रोज संध्याकाळी जिल्ह्यातल्या घरांना फोन जातात. ज्याचा नंबर लागेल त्याला विचारतात, बाबा रे, या तिघांतलं तुला कोण हवं? जो जास्त लोकांना हवा, तो उमेदवार. आणि फोन म्हणजे घरातला, तारेचा. खिशातला चालत नाही. का चालत नाही हे पक्षातल्या शहाण्या माणसांना ठाऊक.

त्यामुळे किनाऱ्यावरच्या हायवेई गावात सध्या जिकडेतिकडे माणसाच्या चौपट उंचीचे फलक लागले होते. माजू देवीच्या देवळासमोर "संध्याकाळी घरीच राहा, फोन उचला, फक्त गोंग". मच्छीबाजाराच्या वळणावर "फक्त डॉक्टर यो". आणि बसथांब्यावर तरणाबांड थांग पो-हान, अंगठा कानाशी आणि करंगळी ओठाशी नेऊन हसत उभा. ज्यांच्या घरी फोन होता त्यांचा भाव वधारला होता. वान-फूच्या गल्लीत बाकी सगळ्यांनी फोन केव्हाच काढून टाकले होते. शेजारच्या आ-स्यांगचा होता, पण त्याची तार उंदरांनी खाल्ली होती. उरला वान-फूचा.

वान-फूच्या दृष्टीनं यात केवळ जिल्ह्याचा प्रश्न नव्हता. तीस वर्षं तो मच्छीबाजारात मापाडी होता. पहाटे तळ्यांवरून सबाही मासा यायचा, चांदीसारखा चमकणारा. वान-फू टोपल्या काट्यावर चढवायचा आणि वजन ओरडायचा. व्यापारी त्याला विचारायचे, "किती?" तो सांगायचा. "कसा आहे?" हे तीस वर्षांत एकानंही विचारलं नाही. ते व्यापाऱ्यांचं त्यांनाच कळायचं. पुढे देवळाच्या समितीवर त्याला घेतलं, तिथं त्याला शिडी धरायला सांगत. मुलानं लग्नाबाबत त्याचा सल्ला घेतला तो पत्रिका पाठवून. वान-फूकडे जगातल्या बहुतेक सगळ्या गोष्टींबद्दल मत होतं, आणि ते मागायला त्र्याहत्तर वर्षांत कुणीही आलेलं नव्हतं. आता पक्ष येणार होता. "आपल्याला कोण योग्य वाटतं?" हे वाक्य एकदा तरी आपल्या कानांनी ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"मी रोज विचारते की," पाओ-चू म्हणाली. "काय खाणार म्हणून."

"ते तू शिजवून झाल्यावर विचारतेस."

पाओ-चूनं कालवांची पाटी पुढ्यात ओढली आणि सुरी हातात घेतली. दिवसभर कालवं फोडत बसणाऱ्या बाईशी वाद घालू नये, एवढं वान-फूला संसारानं शिकवलं होतं.

पण विचारल्यावर भलतंसलतं उत्तर देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी मोजे, मुळा आणि जाळीची टोपी बाजूला झाली, वान-फू इस्त्रीचा शर्ट घालून फोनशेजारी बसला, आणि आ-स्यांग पेरूच्या फोडी घेऊन आला. हा आ-स्यांग म्हणजे निवृत्त बस-ड्रायव्हर. जन्मभर शंभर माणसांना पाठीशी घालून हिंडल्यामुळे जनमत आपल्याला कळतं असं तो समजायचा.

"वजन करायचं तर नीट करू," वान-फू म्हणाला. "बाजारात मासा बर्फासकट येतो. बर्फ काढायचा, पाणी निथळू द्यायचं, मग काट्यावर. माणसाचंही तेच. बोल, गोंग."

"गोंगसारखा माणूस नाही," आ-स्यांग म्हणाला. गोंग छिंग-येन हा कितीतरी वर्षं खासदार होता. "कुणाकडेही मयत होवो, गोंग हजर. तुझ्या आईच्या वेळी आला होता की नाही?"

"आला होता. माझ्यापेक्षा जास्त रडला."

"मग?"

"शेजारच्या मांडवात रडला. तिथं श्यु आजोबांचा फोटो होता. त्या मिश्यांकडे बघत 'मावशी, मावशी' करून रडला."

"मग आमच्याकडे येऊन चहा पिऊन गेला," पाओ-चूनं आतून पुस्ती जोडली. "रडू संपलं असेल तोवर."

"पण आला ना? भावना खरी होती, मांडव चुकला."

"बरं, मयती वजा कर. काय उरतं?"

आ-स्यांगनं पेरूची एक फोड सावकाश खाल्ली. "लग्नं."

"तीही वजा."

"मग ड्रायव्हर उरतो. ड्रायव्हर उत्तम आहे. आमच्याच डेपोतला."

वान-फू मात्र न्यायी माणूस होता. "तसं नको," तो म्हणाला. "वादळात कालवांचे तराफे फुटले तेव्हा भरपाई कुणी आणली? गोंगनं. कुठल्या कचेरीत कुठलं टेबल बडवायचं ते त्याला बरोबर ठाऊक आहे. हे धरलं पाहिजे."

"धर की. मी केव्हाचा तेच म्हणतोय."

मग थांग पो-हान काट्यावर चढला. वय छत्तीस, परदेशात शिकलेला, माजी जिल्हाप्रमुखांचा मुलगा. आ-स्यांगनं खाडीवरचा पूल पुढे केला; वान-फूनं पूल बापाचा म्हणून वजा केला. "पोरानं त्यावर उभं राहून फोटो तेवढा काढलाय." आ-स्यांगनं इंग्रजी पुढे केलं, वान-फूनं ते कुठल्या तळ्यात टाकणार असं विचारलं. पोरगा आपली गावबोली बोलतो खरा, पण औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचल्यासारखी. बाजारात आला होता तो पांढऱ्या बुटांत, आणि सबाही हातात धरला तो उलटा.

"पण एक गोष्ट आहे," वान-फू म्हणाला. "तळेवाल्यांनी त्याच्यापुढे रडगाणं गायलं तेव्हा मी तिथंच होतो. पोरगा गप्प बसून ऐकत होता."

"अर्धं कळलं नसेल त्याला."

"कळलं नाहीच. तरी गप्प बसला. कळलं नाही म्हणून गप्प बसलेला पुढारी तू आजवर पाहिलायस?"

आ-स्यांगनं आठवून पाहिलं. पाहिला नव्हता.

राहिली डॉक्टर यो श्वे-लिंग. ही जिल्ह्याच्या आरोग्यखात्यात मोठ्या हुद्द्यावर होती.

"ती हसत नाही," आ-स्यांगनं सुरुवातच केली.

"दातांचं काही आहे का?"

"दात चांगलेत, एकदा जांभई देताना पाहिलेत. माणूसच तसा. देवळासमोर मला म्हणते, सुपारी सोडा, जबडा जाईल. बस्स. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आणि लग्नाच्या पंगतीतून दुसऱ्या पदार्थानंतर उठते. माझ्या पुतणीच्या लग्नात तिसऱ्या पदार्थाला शेवंडी होत्या."

"हा दोष लिहून ठेवण्यासारखा आहे," वान-फूनं कबूल केलं. "पण गेल्या पुरात आली होती ती स्वतःचे गमबूट घालून. गोंगनं बिस्किटं वाटली, थांगनं व्हिडिओ काढला. ही विचारत होती, पंप कुठाय? पंपाच्या खोलीला कुलूप, चावी कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. हिनं कुलूप फोडायला लावलं."

"ते ठीक. पण मागे सभेत मी विचारलं, समुद्राचा बांध कधी पुरा होणार? तर म्हणाली, माहीत नाही." आ-स्यांगचा हा घाव अजून ओला होता. "अरे, पुढाऱ्यालाच माहीत नसेल तर माहीत कुणाला असायचं? निदान एखादी तारीख तरी फेकायची. आम्ही काय लगेच तपासायला जाणार होतो?"

आत सुरीचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

त्या संध्याकाळी फोन वाजला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी वाजला, पण नेमकी कचरागाडी आली तेव्हा. गाडीची धून गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली की हायवेईत राजा असो की रंक, पिशवी घेऊन धावतो; चुकली तर कालवांचे शिंपले दोन दिवस घरात वास मारतात. पाओ-चूचा गुडघा दुखत होता, म्हणून वान-फू धावला. पिशवी गाडीत पडते न पडते तोच घरातून घंटा ऐकू आली. वान-फू मागे फिरला, सपाता मागे राहिल्या, गल्लीतल्या बायका बाजूला झाल्या, आणि त्यानं रिसीव्हर कानाला लावला तेव्हा त्यातून नुसता टूं असा आवाज येत होता.

"तू का नाही उचललास?" त्यानं विचारलं.

"हात बरबटलेले. आणि तूच म्हणाला होतास, फोनला हात लावायचा नाही म्हणून."

यावर वान-फूजवळ मत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आ-स्यांग त्याला देवळात घेऊन गेला. माणसांचं वजन माणसांनी केलं, आता देवीचं मत घेऊ, असा त्याचा आग्रह पडला. देवीपुढे लाकडाचे दोन अर्धचंद्र टाकायचे; एक पालथा, एक उताणा पडला तर होकार, दोन्ही पालथे पडले तर नकार. आणि दोन्ही उताणे पडले तर देवी हसली, म्हणजे प्रश्नच नीट विचारलेला नाही. आ-स्यांगनं गोंगचं नाव घेऊन टाकले, देवी हसली. थांगचं नाव घेतलं, देवी हसली. वान-फूनं स्वतः हात धुऊन डॉक्टर योचं नाव घेतलं. लाकडं गरागरा फिरली आणि दोन्ही उताणी.

"तिघंही तिला विनोदी वाटतात," आ-स्यांग म्हणाला.

"मागच्या निवडणुकीतही अशीच हसत होती," पुजाऱ्यानं उदबत्त्यांची राख सारखी करता करता सांगितलं. "नंतर मीच ठरवलं, या विषयावर आईला त्रास द्यायचा नाही."

त्याच संध्याकाळी फोन पुन्हा वाजला. वान-फूनं पहिल्या घंटेला उचलला.

"बाबा," पलीकडून एक रडका आवाज आला, "बाबा, मला वाचवा. यांनी मला कोंडून ठेवलंय." लगेच दुसरा, भारदस्त आवाज, "तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे."

वान-फू पुरता हिरमुसला. "म्हणजे तुम्ही पक्षातर्फे नाही?"

"म्हाताऱ्या, ऐकतोयस ना? मुलगा आमच्या ताब्यात आहे."

"माझा मुलगा मला बाबा म्हणत नाही, 'अहो पप्पा' म्हणतो, आणि तेही मोटारीचा हप्ता थकला तर. हे बघा, लाइन अडवू नका. महत्त्वाचा फोन यायचाय."

"कसला महत्त्वाचा?"

इतक्या दिवसांत कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. वान-फूच्यानं राहवलं नाही. त्यानं फोनचं कारण सांगितलं, कारणावरून तिन्ही उमेदवारांवर आला, बर्फ कसा वजा करायचा ते सांगितलं, मयती, पूल आणि गमबूट सांगितले. पलीकडचा माणूस दोनदा खोकला, एकदा त्यानं हो हो केलं.

"तुम्हाला कोण बरं वाटतं?" वान-फूनं अखेर सभ्यपणे विचारलं.

"गोंग," तो गुंड म्हणाला. "माझ्या आजीच्या मयतीला आला होता."

"कुठल्या मांडवात?"

फोन आपटला गेला.

"मुलाला एक फोन कर," पाओ-चू म्हणाली. केला. मुलगा कचेरीत होता, आणि कामात आहे म्हणाला.

चौथ्या दिवशी दुपारी गावप्रमुख ल्यू आला. येताना त्यानं गोंगचा चेहरा छापलेले कागदी रुमालांचे पुडे आणले. ल्यू हा हसऱ्या तोंडाचा, हलक्या पावलांचा माणूस. त्याच्या हाताखाली गावातले फोन होते म्हटलं तरी चालेल.

"फू-काका, तुम्ही आमचे भरवशाचे," तो म्हणाला. "एक सांगू का, तुमच्या वयाच्या माणसाचं मत हलकं पडतं."

"हलकं म्हणजे?"

"म्हणजे घरच्या फोनवर सापडतात सगळे तुमच्याच वयाचे. तरुण पोरं सापडतच नाहीत. मग जे एखादं सापडतं ना, त्याचं मत पक्ष चौपट-पाचपट धरतो. तेव्हा वय विचारलं की सांगायचं पंचवीस. राशीचा प्राणी विचारला तरी अडचण नाही. बारा वर्षांनी प्राणी फिरून येतोच; पंचवीसवाल्याचाही ड्रॅगन, तुमचाही ड्रॅगन. खोटं असं काही नाहीच त्यात. सांगायचं पंचवीस, नि म्हणायचं गोंग. इतकंच."

ल्यू रुमाल-पुडे ठेवून गेला. आयुष्यात पहिल्यांदा वान-फूला कुणी मत विचारणार होतं आणि ते वजनात मार खाणार. नाव त्याचं तो ठरवील, त्यात ल्यूनं पडायचं कारण नव्हतं. पण चौपट-पाचपट हा मापाड्याच्या डोक्यात घुसून बसणारा आकडा होता.

"जरा विचार मला," तो पाओ-चूला म्हणाला. "तू पक्ष."

पाओ-चूनं कालवाची सुरी कानाला लावली. "वय?"

"पंचवीस," वान-फू बारीक आवाज काढून म्हणाला.

"पंचवीस वर्षांच्या पोराला सर्दी झालेली दिसते. काय करता?"

"कॉलेजात शिकतो."

"काय शिकता?"

"मासे."

"लग्न झालंय?"

"झालंय."

"कुणाशी?"

"तुझ्याशी," वान-फूच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे मी एकोणसत्तरची, तू पंचवीसचा. पोलीस येतील हं घरी." आणि ती इतकी हसली, की पाटीतली दोन कालवं जमिनीवर पडली.

वान-फूही हसला, पण पुरता नाही. काट्याच्या पारड्याला अंगठा लावणारे मापाडी त्यानं पाहिले होते. त्यानं स्वतः कधी लावला नव्हता. त्यात प्रामाणिकपणाचा भाग होताच, पण मुख्य म्हणजे बाजारात सगळ्यांचं लक्ष मापाड्याच्या अंगठ्याकडेच असायचं. इथं मात्र कुणाचं लक्ष असणार नव्हतं. हीच मोठी पंचाईत होती.

शेवटची संध्याकाळ उजाडली, म्हणजे मावळायला लागली. कचरागाडी येऊन गेली. त्या दिवशी शिंपले घरातच राहिले. आ-स्यांग शेंगदाणे घेऊन आला. वान-फूचं मत तोवर तयार झालं होतं, निथळून, साफ होऊन. आता फक्त कुणीतरी मागायचं बाकी होतं. पाओ-चू दाराशी बसून उरलेली कालवं फोडत होती. भात शिजल्याचा वास आला. फलकांवरचे दिवे लागले. आणि फोन वाजला.

वान-फूनं हात पुढे केला, मग अधाशी दिसू नये म्हणून एक घंटा सोडली. आ-स्यांगच्या तोंडातला शेंगदाणा तिथंच थांबला. दुसऱ्या घंटेला वान-फूनं उचलला.

"नमस्कार, पक्षाच्या उमेदवार चाचणीसाठी बोलतेय," एका मुलीचा थकलेला, पण गोड आवाज आला. "दोन मिनिटं आहेत का आपल्याकडे?"

"आहेत," वान-फू म्हणाला. त्याच्याकडे त्र्याहत्तर वर्षं होती.

"आपलं वय सांगाल?"

समोर आ-स्यांगनं दोन बोटं वर केली, मग पाच. पुन्हा दोन, पुन्हा पाच. वान-फूनं तोंड उघडलं. पंचवीस जिभेवर आलं होतं, सर्दीसकट आलं होतं. आणि त्याला आपला अंगठा दिसला. रिसीव्हरवर घट्ट दाबून धरलेला.

"त्र्याहत्तर," तो म्हणाला.

आ-स्यांगनं कपाळावर हात मारून घेतला.

"धन्यवाद, काका. पण तुमच्या भागातले साठीवरचे पुरुष भरलेत आमचे."

"भरलेत म्हणजे?"

"पुरे झाले. पहिल्याच दिवशी. काका लोक सगळे फोनजवळच बसलेले असतात ना."

"अगं, पण मी तयारी केलीय."

"हो, काका. सगळ्यांनीच केलीय."

"निदान ऐकून तरी घे. थोडक्यात सांगतो."

"ऐकलं असतं हो, पण मला ते कुठं भरताच येणार नाही. रकाना बंद झालाय." मुलीला बहुधा वाईट वाटलं असावं. "घरात कुणी बाई आहेत का? काकू असल्या तरी चालतील. काकू फार कमी पडतात आम्हाला. काका फोन सोडतच नाहीत."

वान-फू रिसीव्हर हातात धरून उभा राहिला. त्यानं तो आ-स्यांगकडे केला, मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन मागे घेतला. शेवटी तो दाराकडे वळला.

"तुझा आहे," तो म्हणाला.

पाओ-चू उठली, हात पुसले, आली.

"हं, बोल पोरी. एकोणसत्तर. हो, इथलीच. जेवलीस का तू? अगं, या वेळेला जेवायला नको? किती उरलेत अजून? बरं, बरं. वाच." ती ऐकत राहिली. पलीकडून तीन नावं वाचली गेली असणार, कारण ती गप्प झाली. मग तिनं रिसीव्हरवर तळहात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला नवरा बस चुकलेल्या माणसासारखा उभा होता.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "तुला कोण बरं वाटतं?"

हे वाक्य वान-फूनं मनातल्या मनात कितीदा ऐकलं होतं. त्यात ते नेहमी एखाद्या रुबाबदार पुरुषी आवाजात यायचं. प्रत्यक्षात आलं ते कालवांच्या वासाचं. त्यानं घसा साफ केला.

"गोंग बर्फासकट फार मोठा दिसतो," तो म्हणाला. "बर्फ काढला की उरतो टेबल बडवणारा हात. कामाचा आहे, पण रोज टेबलच बडवायची वेळ का यावी, हे तो कधी विचारत नाही. थांगमध्ये ऐकणारा कान आहे. अजून चार वर्षं जाऊ देत, ऐकलेलं कळायलाही लागेल. योबाईंनी बर्फ घातलेलाच नाही. म्हणून परडी हलकी वाटते. पण आहे तो सगळा मासा आहे."

पाओ-चूनं मध्ये एकदाही तोडलं नाही. तळहात तसाच होता.

"म्हणजे यो?"

"यो."

तिनं हात काढला. "डॉक्टर यो," ती फोनमध्ये म्हणाली. "हो, समोर दुसऱ्या पक्षाचा उमेदवार उभा राहिला तरी तीच." आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून ती पदर सावरावा तसा एप्रन नीट करू लागली.

वान-फूचा चेहरा उजळला होता. "म्हणजे माझं ऐकलंस तू."

"नाही रे. माझं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. हा आ-स्यांग म्हणाला ना, ती 'माहीत नाही' म्हणाली म्हणून, तेव्हाच. सगळं माहीत असलेला एक माणूस या घरात आहे. जिल्ह्याला आणखी एक कशाला हवा?"

आ-स्यांग शेंगदाण्यांकडे बघू लागला.

"मग मला विचारलंस कशाला?"

"ऐकावंसं वाटलं. आठवडाभर शर्टाला इस्त्री करतोयस." तिनं एप्रनची गाठ आवळली. "आणि ते बर्फाचं बरं सांगितलंस. मला इतकं सुचलं नसतं."

वान-फू खुर्चीत बसला. बसल्यावर त्याला आपण किती दमलो ते कळलं. मग हळूहळू दुसरंही एक कळलं. त्याला विचारलं होतं. नुसतं विचारलं नव्हतं, पुरतं ऐकून घेतलं होतं, आणि वर वजन बरोबर निघालं होतं. तो पुन्हा उठून उभा राहिला.

"पाओ-चू," तो म्हणाला, "आ-स्यांग, तूही ऐक. उद्या ही बाई जिल्हाप्रमुख होईल, बांध पुरा होईल, पंपाच्या चाव्या सापडतील. तेव्हा लोक विचारतील, हे सगळं कुठून सुरू झालं? तर ते सुरू झालं या घरातून, या खोलीतून, आज या क्षणी..."

"काका," टेबलावर उताण्या पडलेल्या रिसीव्हरमधून बारीक आवाज आला, "काकू, कुणीतरी तेवढा फोन ठेवता का? तुम्ही ठेवल्याशिवाय मला पुढच्या घरी लावता येत नाही."